धबधब्याची गोल वाट : उलटी फिरा, अन् निर्णय खालीच घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार जण, दोघं अकोल्याचे दोघं अमरावतीचे, एक-दोन किल्ले केलेले, ऑगस्टच्या शेवटी मेळघाटाच्या दक्षिण कडेवरचा एक उंच धबधबा गोल फिरून करायचा आहे. म्हणजे पायथ्याच्या गावातून सोंडेनं (डोंगराच्या खाली उतरत आलेल्या दांडानं) वर चढायचं, पठारावरून नाल्यापर्यंत जायचं, धबधब्याच्या वर नाला ओलांडायचा, पलीकडच्या घळीतून खाली धबधब्याच्या बुडाशी उतरायचं अन् नाल्यानाल्यानं गावात परत. १३ किमी अंतर, साडेपाचशे मीटर चढ. विचारलं आहे की वेळ किती लागेल, दोर घ्यावा का, वाटाड्या लागतोच का, अन् डिसेंबरात कोणीतरी रेकॉर्ड केलेला जीपीएस ट्रॅक मोबाईलमध्ये आहे तो चालेल का.

धबधब्याचं नाव मी इथं लिहून नाही राहिलो. तिकडं आधीच चिप्सच्या पुड्या अन् बाटल्या लय झाल्या.

भाऊ, पहिली गोष्ट, फेरी उलटी करा. तुम्ही वरून जाऊन खाली उतरायचं म्हणता, मी म्हणतो सकाळी नाल्यानं आत शिरा, धबधब्याच्या बुडाशी जा, घळीतून वर चढा, वर नाला ओलांडा अन् सोंडेनं खाली या. अंतर तेच, चढ तोच, पण पावसाळ्यात या दोन फेऱ्या म्हणजे दोन वेगळे ट्रेक आहेत. घळ ही त्या वाटेची सगळ्यात खराब जागा, तिथं ओली माती, सुटे दगड, हाताला बांबूची मुळं. अशी जागा चढायला अवघड नसते, हात समोर असतात, पुढचा दगड डोळ्यांसमोर असतो, हलला तर सोडून दुसरा धरता येते. उतरताना तोच दगड तुम्हाला दिसत नाही, पाय चाचपत खाली सोडता अन् सगळं वजन त्याच्यावर टाकल्यावर कळते की हा सुटा होता. त्यात तुमच्या प्लॅनमध्ये ही घळ दुपारी दीड-दोनला येते, मांड्या थरथरत असताना. माझ्या प्लॅनमध्ये ती सकाळी नऊ-दहाला येते, अन् दमल्यावर उरते ती सोंडेची रुंद गुरवाट, जी टॉर्च लावून पण उतरता येते.

दुसरं कारण पावसाचं. आपल्याकडं झडीचे दिवस सोडले तर गडगडाटी पाऊस बहुतेक दुपारनंतर येते. सकाळी ऊन, दोन वाजता काळं, तीनला धो धो. म्हणून नाल्याच्या पात्रातलं जे काही चालणं आहे ते सकाळीच उरकून टाकायचं. तुमच्या फेरीत पात्रातलं चालणं नेमकं तीन ते पाच येते. इतकी वाईट वेळ मुद्दाम शोधून सापडली नसती.

पण मुख्य कारण तिसरंच आहे अन् ते कोणी सांगत नाही. वरचा नाला ओलांडणं हा या फेरीचा खरा कस आहे, धबधबा नाही. धबधब्याजवळ तर लहान पोट्टे पण जाऊन येतात. आता बुडाशी उभं राहून वर बघा, जे पाणी पडून राहिलं तेच पाणी तुम्हाला दोन तासांनी वर ओलांडायचं आहे. मधे एखादा बारका फाटा येऊन मिळत असेल तर तेवढा फरक, बाकी पाणी तेच. म्हणजे धबधबा हे तुमचं मोजमाप आहे, फुकटचं. धारा दोन-तीन वेगळ्या दिसत असल्या, मधून काळा दगड दिसत असला, तर वर पाणी पोटरीच्या आसपास असेल. धारा एक होऊन सगळा कडा पांढरा झाला असेल, बुडाशी उभं राहता येत नसेल इतका तुषार उडत असेल, पाणी चहासारखं दिसत असेल, तर वर ओलांडणं विसरा, फोटो काढा, डबा खा अन् आल्या वाटेनं परत. वरून सुरुवात करणाऱ्याला हे कळतच नाही. तो चार तास चालून दमून नाल्याच्या काठावर येतो, समोर मांडीभर पाणी धावते अन् मग डोकं सांगायला लागते की आता तर अर्ध्याच्या वर झालं, मागं जाण्यापेक्षा पुढं जवळ आहे.

हे "पुढं जवळ आहे" म्हणजे गोल वाटेचा सगळ्यात मोठा फसवा हिशेब. सरळ जाऊन सरळ यायच्या वाटेवर परत फिरणं सोपं असते, मन पण मानते. गोल वाटेवर अर्धं झालं की पोट्टे किलोमीटर मोजतात अन् पुढं ढकलत राहतात. पण मागची वाट तुम्ही आत्ताच पाहिलेली असते, कुठं घसरण आहे, कुठं पाणी आहे सगळं माहीत असते, पुढची वाट नुसती मोबाईलवरची रेघ असते. त्या दोघींचे किलोमीटर सारखे नसतात. म्हणून परत फिरायचा निर्णय एकदाच, धबधब्याच्या बुडाशी, पोटात अन्न असताना अन् अंगात दम असताना घ्यायचा. अन् एकदा खाली ठरलं की परत जायचं, तर घळीत थोडं चढून "वर जाऊन नुसतं पाहून येऊ" असं करू नका, कारण वर गेल्यावर कोणी नुसतं पाहत नाही.

वेळेचा हिशेब. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा नियम दिला होता, ५ किमीला १ तास अन् वर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. तो लावला तर तुमची फेरी साडेतीन तासांची होते. तो कोरड्या वाटेवरच्या तगड्या माणसाचा हिशेब आहे. ऑगस्टातल्या मेळघाटात डोळे मिटून दुप्पट धरा, म्हणजे सात तास. धबधब्याशी तास, वरचा नाला नीट पाहून ओलांडायला अर्धा तास, झाले साडेआठ. सकाळी साडेसहाला गाव सोडलं तर तीनच्या सुमारास परत. ऑगस्टच्या शेवटी सूर्य साडेसहाच्या पुढं-मागं मावळते पण ढग असले की सागाच्या जंगलात पाचलाच संध्याकाळ होते, म्हणून हाताशी तीन तास दिसतात ते खरे दोनच समजा. दोन वेळा पक्क्या लिहून ठेवा: साडेदहाच्या आत धबधब्याशी पोचलो नाही तर तिथूनच परत, साडेबाराच्या आत वरच्या नाल्याशी नाही तर पठारावरून पुढं न जाता घळीनं मागं. दुसरी वेळ पाळायला लय जीवावर येते, कारण घळ उतरायची नाही म्हणूनच तर उलटे आलो. म्हणून पहिली वेळ कडक पाळा, मग दुसरीची पाळीच येत नाही.

आता जागेबद्दल थोडं, कारण हे समजलं की बाकीचं आपोआप समजते. गाविलगडच्या डोंगरांची दक्षिण बाजू म्हणजे भिंत आहे. परतवाडा-अचलपूर ४०० मीटरच्या खाली, चिखलदरा ११०० च्या आसपास, अन् हा सगळा फरक थोडक्या अंतरात. वर गेलं की मात्र पठार उत्तरेकडं सलग पसरलेलं. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड किल्ला घेतला तेव्हा पण तोफा या डोंगरातून ओढत ओढत उत्तरेला नेल्या अन् तिकडून किल्ल्याची तटबंदी फोडली, दक्षिणेकडून काही जमण्यासारखं नव्हतं. तर पठारावरचं पाणी या भिंतीवरून खाली पडते, तेच आपले धबधबे. दगड बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरावर थर, अन् दोन थरांच्या मधे कुठं कुठं लाल मातीसारखा मऊ थर असते. पाणी तो मऊ थर आतून खाते, वरचा कठीण दगड छज्जासारखा पुढं राहते अन् कधीतरी तुटते. धबधब्याच्या बुडाशी टीव्हीएवढे, फ्रिजएवढे दगड पडलेले दिसतात ते आकाशातून नाही पडले. म्हणून धारेच्या मागं जाऊन व्हिडिओ काढायची जी फॅशन आली आहे ती बंद करा. धारेच्या थेट खाली डोकं देऊन बसणं पण बंद, पाण्यासोबत लिंबाएवढा दगड आला तरी इतक्या उंचीवरून तो काम तमाम करते.

डोहात उतरायचंच नाही. पोहता येते, न येते, प्रश्न तो नाही. धबधब्याखालच्या पाण्यात हवा मिसळलेली असते, तो पांढरा फेस दिसते ना, त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही, अन् पडणारं पाणी माणसाला परत परत खाली दाबते. विहिरीत सूर मारणारे पोट्टे इथंच फसतात. बेसाल्टवर माती पातळ असते, पाणी मुरायला जागा नाही, म्हणून तिकडं वर पठारावर जोराचा पाऊस झाला की थोड्या वेळात खाली लोंढा येते, अन् खाली तुमच्या डोक्यावर तर ऊन पडलेलं असते. खुणा सांगतो. पाणी एकदम गढूळ होणं, वाळलेली पानं अन् काड्या वाहत येणं, आवाजाचा सूर जाडा होणं. पात्रात शिरताना काठावरचा एखादा अर्धा बुडालेला दगड हेरून ठेवा, दर पंधरा मिनिटांनी त्याच्याकडं बघा. यातलं काहीही दिसलं की बॅग, डबा, चप्पल जे राहिलं ते राहू द्या, आधी काठावर उंच चढा. अन् मग तिथंच बसा. जसे हे नाले झपाट्यानं चढतात तसेच उतरतात पण, पाऊस थांबला की दोन-तीन तासांत पाणी बरंच खाली येते. पलीकडं गाव दिसून राहिलं म्हणून घाईनं पाण्यात पाय घालणारा जाते, काठावर भिजत बसणारा फक्त सर्दी घेऊन घरी येते.

नाला ओलांडायची पद्धत. जागा निवडताना अरुंद नका पाहू, रुंद पहा, अरुंद जागी पाणी खोल अन् जोरात असते. धबधब्याच्या काठापासून जितकं मागं जाता येईल तितकं जा, दोनशे-तीनशे मीटर तरी, म्हणजे पाय सुटला तरी कड्याच्या आधी सावरायला जागा राहते. बॅगेचा कमरेचा अन् छातीचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर बॅग फेकता आली पाहिजे. जोडे काढायचे नाहीत, अनवाणी पाय दगडात अडकते अन् कापते. तोंड पाणी येते त्या बाजूला, काठी पुढं टेकवायची, एका वेळी एकच पाय उचलायचा, तिरकं थोडं खालच्या बाजूला सरकत जायचं. चौघं असाल तर तिघं एकमेकांच्या खांद्याला धरून गोल करून जा, चौथ्यानं काठावरून पाहायचं अन् मग एकानं परत येऊन त्याला न्यायचं, किंवा चौघंही एकत्र. पाणी धावतं असेल अन् गुडघ्याच्या वर असेल तर नाही. यात चर्चा नाही.

म्हणूनच दोराबद्दल माझं मत ऐका. दोर घेऊन जाणारे ग्रुप जास्त धोका घेतात, कारण दोर पिशवीत आहे म्हटलं की मांडीभर पाणी पण छोटं वाटायला लागते. अन् सगळ्यात घातक म्हणजे कमरेला दोर बांधून नाला ओलांडणं. पाय सुटला की पाणी माणसाला दोराच्या टोकाशी धरून खाली दाबते, काठावरचे ओढतात तसतसा तो आणखी बुडते. घळीत हाताला आधार म्हणून २० मीटरचा दोर असला तर बरा, तो पण झाडाला नीट बांधता येणारा कोणी असेल तरच. नाहीतर घरीच ठेवा अन् त्या वजनाचं पाणी घ्या.

डिसेंबरातला ट्रॅक दिशेपुरता ठीक आहे. डिसेंबरात नाला म्हणजे दगडांची रांग असते, तो माणूस जिथं उड्या मारत गेला तिथं ऑगस्टात डोह असते. शिवाय पावसाळ्यात गवत कमरेएवढं होते, पायवाट दिसतच नाही, अन् खोल घळीत मोबाईलचा जीपीएस पन्नास-शंभर मीटर इकडं तिकडं उड्या मारते. म्हणून वाटाड्या लागतोच का या प्रश्नाचं उत्तर हाव, लागतोच. गावातला, गुरं चारणारा किंवा वनमजुरीला जाणारा कोरकू माणूस घ्या. त्याला जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा) कुठून गेली, रोपवनाचं कुंपण कुठं आहे, या वर्षी कोणती दरड पडली, अस्वल कोणत्या अंगाला दिसून राहिलं हे सगळं ठाऊक असते. पैसे आदल्या दिवशीच स्पष्ट बोलून घ्या, परत आल्यावर घासाघीस करू नका, अन् तो "आज नको" म्हणाला तर त्याला जास्त पैशाचं आमिष दाखवून उभं करू नका. पोळ्याच्या दोन दिवसांत कोणी येणार नाही, तारीख ठरवताना तेवढं कॅलेंडर पहा.

परवानगीचं पण आधीच करा. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशात पहिले जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातला आहे, अन् कोअरमध्ये (आतल्या राखीव गाभ्यात) पायी फिरायचा विचारच सोडा. तुमची वाट बफरमध्ये (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात) येते का प्रादेशिक वनविभागात, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा, फोनवर नीट उत्तर मिळत नाही. अभयारण्यात विनापरवानगी शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, अन् "आम्हाला माहीत नव्हतं" हे नाक्यावर चालत नाही.

जनावरांमधे वाघाची भीती सगळ्यांना असते, मला अस्वलाची जास्त. अस्वलाला कमी दिसते, वाऱ्याची दिशा उलटी असली अन् नाल्याचा आवाज असला तर त्याला तुम्ही एकदम समोर आल्यावरच कळता, अन् मग ते पळायच्या ऐवजी अंगावर येते. उपाय साधा आहे, बोलत चाला. गाणी लावू नका, बोला. पहाटे अंधारात निघू नका, साडेसहा म्हटलं ते त्याच्यासाठीच. रानगवा दिसला तर वाट त्याची आहे असं समजून लांबून वळसा घ्या.

सापाचं म्हणाल तर दगडावर हात टेकवायच्या आधी तो दगड डोळ्यांनी पाहणं, एवढी एक सवय घळीत लावून घ्या. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढा, पाय किंवा हात फळीला बांधून हलू देऊ नका, चावल्याची वेळ लिहा अन् उचलून न्या, चालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच इंजेक्शन चालते, साप मारून सोबत न्यायची गरज नाही. अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ ला फोन रेंज आली की लगेच लावा. रेंज बहुतेक पठारावरच येते, खाली घळीत नाही. म्हणून गावात एका घरी सांगून ठेवा की आम्ही पाचपर्यंत आलो नाही तर काय करायचं.

अन् परत आल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आपणहून सांगा. गवतातल्या बारीक किड्यांमुळं स्क्रब टायफस होते, २०१८ ला नागपूरकडं त्याची मोठी साथ होती. वेळेत ओळखलं तर साध्या गोळ्यांनी बरं होते, नाही ओळखलं तर जीवावर बेतते. म्हणून फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली, गवतात लोळायचं नाही, घरी आल्या आल्या अंघोळ अन् कपडे गरम पाण्यात.

विजेचं एक सांगतो, कारण उलट्या फेरीत दुपारी तुम्ही उघड्या पठारावर असता अन् हा माझ्या प्लॅनचा कच्चा भाग आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं काढलेलं दामिनी ॲप टाकून घ्या, ते जवळपास वीज पडून राहिली का ते दाखवते, पण रेंज नसली की बंद. तेव्हा चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजा, तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच उघड्या बरडावरून हला, एकट्या झाडाखाली नाही, सोंडेनं खाली दाट झाडीत एकसारख्या उंचीच्या झाडांमधे, एकमेकांपासून लांब लांब बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उठू नका.

सामान फार नको. जोडे रबरी तळव्याचे, खोल खाचांचे, ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे चालतात, महागाचे असलेच पाहिजेत असं नाही. गमबूट नको, पाणी शिरलं की पाय जड होते. ओल्या दगडात काळा चकाकणारा टाळा, तो शेवाळाचा असते, खरबरीत भुरक्यावर पाय द्या. प्रत्येकी दोन लिटर पाणी, नाल्याचं पाणी क्लोरीनच्या गोळीशिवाय नाही, वर गुरं बसतात. हेडलँप प्रत्येकाला वेगळा. खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाणे-गूळ, लोणचं. ब्रेड बिस्किटाचा चुरा होते. रेनकोट असो नसो, एक कोरडा शर्ट प्लॅस्टिकमधे बांधलेला पाहिजेच.

तारखेबद्दल, ऑगस्टची शेवट हट्टानं धरू नका. पोळा झाला की पाऊस भोळा म्हणतात, ते पूर्ण खरं नाही, सप्टेंबरात पण वीज पडते, पण झडी संपलेली असते. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा या वाटेसाठी सगळ्यात चांगला, धबधबा चालू असते अन् वरचा नाला माणसात आलेला असते. मग कुसळं मात्र मोज्यात भरतात, अन् पुढं पुढं खाजकुहिरीच्या शेंगा पिकायला लागतात, तिला हात लावू नका.

अन् ऑगस्टातच यायचं अन् त्या दिवशी पाणी जास्त निघालं, तर परतवाड्याहून धामणगाव गढीच्या रस्त्यानं गाडी वर चिखलदऱ्याला काढा. भीमकुंडाचा धबधबा कठड्याआड उभं राहून पाहता येते, गाविलगडात अर्धा दिवस आरामात जाते. शनिवार-रविवार घाटात गाड्या अडकतात, म्हणून दहाच्या आत वर पोचा, अन् धुकं असेल तर लाईट लावून हळू. पंचबोल पॉइंटला त्या धुक्यात काहीच दिसणार नाही, तिथं वेळ घालवू नका, बाजारात जाऊन रबडी खा.